मलावीला जायचंय, तर आधी गावचा हापसा उघडून पाहू द्या

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी 24 वर्षांची, सिव्हिलची पदवी झालेली, गेलं वर्षभर जत तालुक्यात जलजीवनच्या एका ठेकेदाराकडे साइटवर आहे. तिला आफ्रिकेतल्या मलावी देशात, खेड्यांतल्या पिण्याच्या पाण्याच्या कामावर जायचंय. एका संस्थेने बारा आठवड्यांच्या ‘स्वयंसेवी प्रकल्पा’साठी दीड लाख रुपये मागितले आहेत. पैसे भरायचे का, आणि यात पुढे काही आहे का, हे तुमचे दोन प्रश्न.

पैसे भरू नका. बारा आठवड्यांतला पहिला महिना गाव ओळखण्यातच जातो आणि उरलेल्या दिवसांत ओट्याला रंग देणं, चर खणणं अशी कामं हाती येतात. ती कामं तिथला गवंडी जास्त चांगली करतो आणि त्याला मजुरीची गरजही असते. पुढे नोकरी देणारे असल्या अनुभवाला फारसं वजन देत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था तर अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. पण काम नेमकं काय असतं ते तिला आधी कळायला हवं. बोअर मारणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. गाडी येते, एक-दोन दिवसांत बोअर मारून जाते. खरं काम त्यानंतरची दहा वर्षं चालतं.

मलावीत एका हापशामागे 250 माणसं असा निकष आहे आणि बोअरला सेकंदाला पाव लिटर पाणी असलं तरी ते हापशापुरतं धरलं जातं. आता हिशेब करा. 20 लिटरची बादली भरायला 80 सेकंद. माणशी 20 लिटर धरलं तर 5000 लिटर, म्हणजे साडेपाच तास अखंड हापसणं, आणि त्यात बादल्या बदलण्याचा वेळ धरलेला नाही. शेजारच्या गावचा हापसा बंद पडला की तिथलीही माणसं याच रांगेत येतात. मग पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबत नाही, बुश (दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग) आणि सील दुप्पट वेगाने झिजतात आणि हाही हापसा बसतो. रांगेला कंटाळलेली बाई नदीकडे किंवा उघड्या विहिरीकडे वळते. 2022-23 मध्ये मलावीत कॉलराची त्या देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी साथ आली, 1,700 हून अधिक माणसं गेली. ज्या कामाला तुमची मुलगी जाऊ म्हणते, त्याचं मोल इतकं आहे.

आपल्याकडच्या इंडिया मार्क टू हापशाचं मूळ जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे. त्याचा खालचा वायसर बदलायचा तर लोखंडी पाइप तीन-तीन मीटरच्या तुकड्यांनी वर ओढावे लागतात, त्यासाठी पथक लागतं. मलावीत सर्रास दिसतो तो अफ्रिदेव. त्याचा पाइप पीव्हीसीचा आणि तो जागेवरच राहतो. एका पान्याने वरचं झाकण उघडायचं, आकड्यांनी एकमेकींत अडकवलेल्या सळ्या एकेक करून हातानेच वर घ्यायच्या, की शेवटी प्लंजर, म्हणजे पाणी वर ओढणारा दट्ट्या, हातात येतो. गावातल्या दोन बायकांना हे जमावं म्हणूनच तो तसा घडवला आहे.

बिघाड कुठे आहे हे न उघडताही कळतं. पाणी येईपर्यंत हापसायचं, मग अर्धा तास दांड्याला हात लावू द्यायचा नाही. त्यानंतर पाचेक हापशांत पाणी आलं तर खालचं ठीक आहे. जास्त लागले तर तळाच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग (रबरी कडी) गेली आहे किंवा पाइपचा सांधा गळतो आहे. मग बादली लावून मिनिटाला 40 हापसे मारायचे. 15 लिटरच्या आसपास भरलं तर उत्तम. फारच कमी भरलं तर प्लंजरचं रबरी सील झिजलं आहे. ते सील बोटाच्या चिमटीत मावतं आणि स्वस्त असतं.

तरीही त्या सीलपायी हापसा महिनोन्‌महिने बंद राहतो. का? तालुक्याच्या दुकानात ते मिळत नाही, आणि गावच्या पाणी समितीकडे पैसे नसतात. तिथे मक्याची कापणी एप्रिल-मेमध्ये होते. जानेवारी-फेब्रुवारीत घरात धान्यच नसतं, तेव्हा वर्गणी मागायला गेलेली समिती रिकाम्या हाताने परत येते. वर्गणी कापणीनंतर लगेच गोळा करायची आणि दोन सीलं, ओ-रिंग, एक बुशजोड विकत घेऊन डब्यात ठेवायची, हे ज्या अभियंत्याला सुचतं त्याच्या गावचे हापसे चालतात. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

पाण्याच्या गुणवत्तेचंही तसंच. दक्षिणेकडे शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात, चिक्वावा भागात, बऱ्याच बोअरना खारं पाणी लागतं. हापसा बसवण्याआधी क्षारांची तपासणी केली नाही तर तो धडधाकट राहतो आणि बायका नदीवरच जातात. जंतूंची तपासणी गावात राहूनच करावी लागते: 100 मिलिलिटर पाणी 0.45 मायक्रॉनच्या कागदातून गाळायचं, तो कागद 44 अंशांवर 16 ते 18 तास ठेवायचा आणि उठलेले पिवळे ठिपके, म्हणजे जंतूंच्या वसाहती, मोजायचे. पिण्याच्या पाण्यात एकही ठिपका नको.

यातलं निम्मंअधिक जतमध्येच शिकता येतं, म्हणून माझं म्हणणं आहे की तिने आणखी दोन वर्षं इथेच काढावीत. फक्त वेगळ्या नजरेने. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर रीतसर परवानगी घेऊन उन्हाळाभर फिरावं. गावच्या जलसुरक्षकाबरोबर बसून टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा आणि पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट स्वतः करावी. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि मग नेहमीची मात्रा पुरत नाही, हे तिला तिथेच कळेल. पाणीपट्टीची वही वाचायला शिकावं. भूजलाची समज कच्ची असेल तर पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेचं प्रशिक्षण घ्यावं. पुढे शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र या विषयाला अगदी जवळचं आहे.

आणि एक वही ठेवावी: कोणता हापसा, काय बिघाड, कोणता भाग बदलला, खर्च किती, किती दिवस बंद होता. अशा पन्नास नोंदी असलेला अर्ज कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरतो.

आता दारं कोणती? संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमात 18 ते 26 वयासाठी युवा गट आहे, पण जागा थोड्या आणि चुरस मोठी. 27 वर्षं पूर्ण आणि तीन वर्षांचा अनुभव असेल तर तज्ज्ञ गटात अर्ज करता येतो. तुमच्या मुलीचं वय आणि अनुभव तिथे जवळजवळ एकाच वेळी पोहोचतील. नोंदणी फुकट असते. राहणी भत्ता, प्रवास आणि विमा मिळतो, मात्र तो पगार नव्हे. घरी पैसे पाठवायची अपेक्षा तुम्ही ठेवू नका. मोठ्या संस्था बहुतेक जागा तिथल्याच अभियंत्यांना देतात आणि ते योग्यच आहे. बाहेरच्या माणसाला घेतात ते दुसऱ्यांना शिकवता येतं, भूजल वाचता येतं म्हणून.

पगारच हवा असेल तर भारतीय कंपन्यांची वाट आहे. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी ताबोरा भागात नेणारी योजना भारताच्या कर्जसाहाय्यातून झाली. अशा कामांवर पाइपलाइनचा अनुभव थेट चालतो, पण ते मोठ्या साइटवरचं आयुष्य आहे. गावाशी संबंध फार येत नाही.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आईच्या मनात ते असणारच. रात्रीचा रस्त्याचा प्रवास, विशेषतः मोटारसायकल-टॅक्सी, हा तिथला मोठा धोका आहे आणि तो टाळता येतो. मलेरियासाठी डॉक्टरांना विचारून गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात, मच्छरदाणी रोज. मलावी सरोवर देखणं आहे, पण काठच्या उथळ पाण्यात उतरल्याने बिल्हार्झिया हा परजीवी कृमींचा आजार होऊ शकतो. विमान इथिओपिया किंवा केनियामार्गे असून तिथे मुक्काम पडणार असेल तर पीतज्वराची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी. कचेरीत इंग्रजी चालतं, हापशावर मात्र चिचेवा. ‘मादझी’ म्हणजे पाणी, इथून सुरुवात करायला हरकत नाही.

पैसे मागणाऱ्या संस्थेला तिने एकच मेल पाठवावा: तीन वर्षांपूर्वी बसवलेल्यांपैकी किती हापसे आज चालू आहेत, त्यांची दुरुस्ती कोण करतं आणि सील कुठल्या दुकानात मिळतं? उत्तर तुम्हीही वाचा. आणि दुरुस्ती पथकाबरोबर जाण्याचा अर्ज फेब्रुवारीतच द्या. मार्चपासून टंचाई सुरू झाली की पथकाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि शिकण्यासारखं सगळं तेव्हाच असतं.