सभासदत्वाची पावती आणि सेंद्रिय प्रमाणपत्र

प्रश्न : माझ्याकडे तीन एकर मालदांडी ज्वारी आणि एक एकर डाळिंब आहे. सेंद्रिय शेतकऱ्यांच्या एका राष्ट्रीय महासंघाचे सभासद झाल्यास त्यांचे चिन्ह पाकिटावर छापता येईल, असे एका मेळाव्यात सांगितले गेले. तेवढ्यावर माल ‘सेंद्रिय’ म्हणून सोलापूरच्या दुकानांत ठेवता येईल का?
– एक वाचक, मंगळवेढा, जि. सोलापूर

उत्तर : नाही. सभासदत्वावरून आपण संघटनेत आहात एवढेच कळते. आपले शेत कोणी तपासले, हे कळत नाही. 2017च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार दुकानात जाणाऱ्या सेंद्रिय मालाला दोनपैकी एक प्रमाणीकरण लागते : अपेडा या कृषिमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या देखरेखीखालील राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक शेतावर येतो, किंवा कृषी मंत्रालयाची सहभाग हमी पद्धती (पीजीएस), ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक स्वतःचा माल थेट ग्राहकाला प्रमाणपत्राविना विकू शकतो. मात्र ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह त्याला वापरता येत नाही. निर्यातीचा विचार नसेल, तर आपल्यासाठी पीजीएस मला अधिक योग्य वाटते, कारण तिचा खर्च कमी आहे आणि शेजारचा शेतकरी जे पाहतो ते वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाला क्वचितच दिसते.

तरीही महासंघाचे चिन्ह निरर्थक असते, असे नाही. जर्मनीत 1971 पासून काम करणारी बिओलांड ही शेतकऱ्यांची संघटना सभासदाचे संपूर्ण शेत सेंद्रिय असण्याचा आग्रह धरते, तर युरोपीय संघाच्या नियमांत काही अटींवर शेताचा एखादा भाग वगळण्याची मुभा आहे. कायद्याच्या वर जाऊन काही मागणारे चिन्हच विश्वासाला पात्र ठरते. म्हणून या महासंघाकडे लेखी नियमावली मागा, शेताची तपासणी कोण करतो आणि नियम मोडणाऱ्याचे चिन्ह काढून घेतले जाते का, हेही विचारा. उत्तर टाळले गेले, तर वर्गणी भरू नका.

आपली खरी कसोटी ज्वारीत नसून डाळिंबात आहे. ज्वारीसाठी पेरणीपूर्वी 24 महिन्यांचा रूपांतराचा (रसायने बंद करून सेंद्रिय पद्धतीवर येण्याचा) काळ पुरतो, तर डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकाला तोडणीपूर्वी 36 महिने लागतात, आणि तेवढ्या बहारांत तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) आल्याशिवाय राहील, असे आपल्या जिल्ह्यात कोणी म्हणणार नाही. त्यावर सर्रास फवारले जाणारे प्रतिजैविक सेंद्रिय शेतीत चालत नाही. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) चालते, पण मर्यादेत आणि नोंद ठेवूनच. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याने आपल्या बागेत येत असेल, तर बांधावर दाट कुंपणझाडे लावून मधला पट्टा मोकळा सोडावा लागेल आणि त्या पट्ट्यातील उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल.

बागेत शेवटची रासायनिक फवारणी कोणत्या तारखेला झाली, ते औषधाच्या नावासह आजच वहीत लिहून ठेवा, कारण गटाची पाहणी असो वा निरीक्षकाची, ही तारीख आपल्याला विचारली जाईलच.