खोलीचं दार लावून घे

प्रिय पोरी,

तुझी ईमेल वाचली. तीन मांजरं, म्हातारी कुत्री आणि काल संध्याकाळपासून बुटाच्या खोक्यात खारीचं पिल्लू. 'मावशी, डोळे उघडायचेत अजून, पण माझ्या हाताचा वास ओळखतं,' असं लिहिलंयस. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आधी पोटाचं बघू. गाईचं दूध बंद, त्याने हगवण लागते. कुत्र्याच्या पिल्लांची दूधपावडर मिळते, ती आण. पिल्लू अंगाने गार असेल तर आधी ऊब दे, मग पाज. पाजताना त्याला पालथं धर, बिनसुईची सिरिंज वापर आणि थेंब थेंब दे. दूध श्वासनळीत गेलं तर संपलंच. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलकेच फिरव. एवढ्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शूसुद्धा होत नाही.

आता माझं ऐक. माझी पहिली खार आमच्या मोत्याच्या पोटाशी झोपायची. फोटो गल्लीभर दाखवले मी. मोठी झाल्यावर अंगणातल्या आंब्यावर सोडली. नवव्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर ही फाटकापाशी उतरली आणि रस्त्यावरच्या कुत्र्याकडे सरळ चालत गेली. शेपूट फुलवली नाही, ओरडली नाही. मोत्या तेव्हा घरात पंख्याखाली घोरत होता. कुत्रं म्हणजे ऊब, हे तिला मीच शिकवलं होतं.

म्हणून पाहुण्याची खोली वेगळी ठेव, दाराला कडी लाव. नाव ठेवू नकोस, गप्पा मारू नकोस. मांजराचा दात नुसता लागला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मांजराच्या लाळेतले जंतू जखमेपेक्षा वाईट. आणि लाड आवर. एका घारीच्या पिल्लाला मी निवडून निवडून बिनहाडाचं मटण भरवलं. हाडं पोटात गेली नाहीत, कॅल्शियम मिळालं नाही, पाय धनुष्यासारखे वाकले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने असा प्राणी सरकारचा. हाती आल्यापासून ४८ तासांत कळवावं लागतं. महाराष्ट्राच्या वनखात्याचा १९२६ नंबर लाव. फोन करणाऱ्याला कोणी बेड्या घालत नाही.

हेमलकशाचं, म्हणजे प्रकाश आमटेंच्या अनाथ प्राण्यांच्या घराचं, उदाहरण मला देऊ नकोस. प्रकाश आमटे १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात गेले. तिथे शिकार पोटासाठी व्हायची. मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू त्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतलं. त्या पिल्लाची आई मेली होती. तुझ्या पिल्लाची मेली, हे तुला कोणी सांगितलं?

माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, ही थाप आहे. खारीण पिल्लू तोंडात धरून नेते. उद्या उजाडल्यावर खोकं, पिल्लू जिथे सापडलं तिथल्याच झाडाच्या बेचक्यात बांध. आत जुनं सुती फडकं आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेव. बाटली निवली की बदल. मांजरं कोंडून ठेव. तू लांब बस, खिडकीआड, दुपारपर्यंत. आई नाहीच आली तर पिल्लू आत घे आणि १९२६ ला फोन कर.

काय झालं ते रात्री कळव.

तुझी,
मावशी