आजोबांचं चांदीचं पेन: सराफाचा भाव खरा की शेजाऱ्याचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या कपाटात चांदीचं फाउंटन पेन सापडलं. अंगभर बारीक चौकटींची जाळी आहे, टोपणाच्या कडेला 'पार्कर' आणि 'स्टर्लिंग' अशी अक्षरं आहेत. जुनी बिलं आणि पेन एकत्र रबरबँडने गुंडाळून ठेवलेलं होतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफाने ते काट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला, आणि शेजारचे काका म्हणाले की असली पेनं लाखात जातात. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

कोणाचंच ऐकू नका. सराफ खोटं बोललेला नाही, त्याच्याकडे जे माप आहे त्यानेच त्याने मोजलं. टोपण आणि नळी मिळून चांदी भरणार फार तर तोळा-दोन तोळे. निब सोन्याची असली तरी वजन साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आतच. या हिशेबाने मोडीत जे येईल त्यात घरच्यांचं एक चांगलं जेवण होईल, बास. काकांनी मात्र कुठल्या तरी विक्रीच्या पानावर कोणी मागितलेली किंमत पाहिली असणार. मागायला काय जातं? नदीपात्रात उभ्या असलेल्या खटारा गाडीवरही कोणी पाच लाखांची पाटी लावू शकतो.

सराफाला विचारायचा प्रश्न एकच: ही चांदी आहे का, आणि किती टंचाची? त्याच्या पुढचं त्याला विचारू नका. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. इंग्लंडमध्ये बनलेल्या पेनावर शिक्के असतात: चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारी वर्षाचं अक्षर. अमेरिकन पेनावर यातलं काही शोधू नका. तिथे इंग्लंडसारखी सरकारी शिक्क्यांची पद्धत नाही, कंपनी नुसता 'स्टर्लिंग' असा शब्द कोरते. त्यामुळे 'आपला हॉलमार्क कुठाय?' असं सराफाने विचारलं तर लगेच घाबरून जाऊ नका.

'ई पी एन एस' अशी अक्षरं असली तर मात्र तो नुसता मुलामा. खाली असतं जर्मन सिल्व्हर, ज्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी नावालाही नसते. हे मी पैसे मोजून शिकलो आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी 'खानदानी चांदीचं' म्हणून एक पेन घेतलं, घासाघीस करून निम्म्यात मिळालं म्हणून खूशही झालो. घरी आल्यावर उजेडात पाहिलं तर क्लिपच्या कडेला, जिथे बोट सतत लागतं तिथे, पिवळं पितळ डोकावत होतं. खरी चांदी झिजली तरी खालीही चांदीच निघते. घासलेल्या कडा आधी बघायच्या, हा धडा तेव्हाचा. लोहचुंबकाचा प्रयोग करू नका, पितळही चुंबकाला चिकटत नाही.

सराफ कसोटीवर घासायला किंवा कानस मारायला निघाला तर हात धरा. कानशीचा एक ओरखडा पेनाची किंमत चांदीच्या किमतीपेक्षा जास्त खाली आणू शकतो. एक्सआरएफ मशीनवर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासून मागा. रविवार पेठेत ज्यांच्याकडे ते आहे ते थोड्या पैशात करून देतात. मशीन फक्त वरचा थर वाचतं, म्हणून टोपणाच्या आतल्या कडेवरही एकदा धरायला सांगा.

आता पेनाकडे येऊ. तुमच्या वर्णनावरून ते पार्कर ७५ दिसतंय. कंपनीची सुरुवात १८८८ची, पंचाहत्तरी १९६३ साली, म्हणून नाव ७५. जाळीची नक्षी कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा केनेथ पार्कर याच्या चांदीच्या सिगारेट केसवरून घेतलेली. हे मॉडेल जवळजवळ ३० वर्षं बनत होतं, आणि जाळीचं स्टर्लिंग हे त्यातलं सगळ्यात खपाऊ रूप. तेव्हा दुर्मीळ हा शब्द आत्ताच मनातून काढून टाका. पेन उत्तम आहे, लिहायला तर फारच, पण जगात अशी भरपूर आहेत.

भरपूर असूनही सगळी सारखी नाहीत. टोपणाच्या माथ्यावर आणि नळीच्या बुडाशी एकेक सोनेरी चकती असेल. ती सपाट असेल तर पेन सुरुवातीच्या काळातलं, मधोमध खोलगट असेल तर नंतरचं. नळी उघडून आतले आटे बघा: पकडायच्या भागावरचे आटे धातूचे असतील तर तेही जुनेपणाचं लक्षण, पुढे ते प्लॅस्टिकचे झाले. निबेच्या मागे एक कडं आहे, त्यावर बारीक खुणा असतात. निब आपल्या हाताच्या कलाप्रमाणे फिरवून घेता यावी म्हणून ती सोय. सुरुवातीच्या कड्यांवर त्या खुणांबरोबर शून्य कोरलेलं असे, आणि गोळा करणारे लोक त्या शून्यासाठी जास्त पैसे मोजतात. मला स्वतःला हा वेडेपणा वाटतो, पण बाजार माझ्या मतावर चालत नाही.

टोपणावर एखादं सुटं अक्षर दिसतंय का तेही बघा. १९८०च्या आसपास पार्करने वर्षासाठी अक्षरं घालायला सुरुवात केली. इंग्रजीत 'क्वालिटी पेन' लिहिलं की बरोबर दहा अक्षरं होतात: क्यू म्हणजे ०, यू म्हणजे १, ए म्हणजे २, असं एन म्हणजे ९ पर्यंत. वाय दिसलं तर बहुधा १९८६. तिमाहीसाठी वेगळी खूण असते, तिच्यात गोंधळू नका. असं काहीच नसेल आणि 'मेड इन यू एस ए' असेल, तर पेन त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी.

आता मुख्य गोष्ट. अजून घासलं नसेल तर घासू नका. इथे मी माझीच फजिती सांगतो.

माझ्या वडिलांकडे हेच पेन होतं, अमेरिकेहून आलेल्या एका मित्राने दिलेलं. वडील गेल्यावर काही वर्षांनी मी ते सदाशिव पेठेतल्या एका जुन्या संग्राहकाला दाखवायला न्यायचं ठरवलं. पाहुण्यांकडे जाताना मुलाचं तोंड पुसतात तसं आदल्या रात्री मी पेन स्वच्छ करायला बसलो. आईने देवाची भांडी घासायची रांगोळी आणि जुना टूथब्रश दिला. "निरांजन याच्यानेच लखलखतं की!" अर्ध्या तासात पेन असं चमकलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी त्या संग्राहक काकांनी खिडकीपाशी जाऊन भिंगातून पेन पाहिलं, एकदा फिरवलं, भिंग मिटवलं आणि विचारलं, "काळं कुठं गेलं?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी त्यांचं पेन काढून माझ्या पेनाशेजारी ठेवलं. त्यांच्या पेनावर प्रत्येक चौकट उठून दिसत होती, कारण चौकटींमधल्या रेघा काळ्या होत्या. तो मळ नव्हता. कारखान्यातच त्या खोबणी मुद्दाम काळ्या करून वरचे चौकोन उजळ ठेवलेले असतात. माझ्या पेनावर रेघा आणि चौकोन एकाच रंगाचे, जणू ॲल्युमिनियमची किसणी. शिवाय रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिने कोरलेल्या अक्षरांच्या कडाही बोथट झाल्या होत्या. "विकायचं होतं का?" काकांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "मग ठीक," म्हणाले, आणि चहा सांगितला. ते पेन अजून माझ्याकडे आहे, रोज वापरतो, त्यामुळे रेघा हळूहळू परत काळवंडतायत. वीसेक वर्षांत जमेल.

चांदी बुडवली की क्षणात उजळ करणारी जी द्रावणं मिळतात तीही याच कारणासाठी वर्ज्य. मऊ सुती कापडाने वरच्यावर पुसा, तेवढं पुरे. टूथपेस्ट, चिंच, विभूती, सगळं देवघरात राहू द्या.

निब भिंगाखाली बघा. टोकाला जो बारीक मणी असतो तो शाबूत आणि दोन्ही पाकळ्यांवर सारखा हवा. एक पाकळी वर, एक खाली असेल तर पेन कधीतरी टोकावर पडलेलं आहे. १४ कॅरेटच्या निबेवर १४के किंवा ५८५ लिहिलेलं असतं. नंतर बदललेली दुसरीच निब बसवलेली असेल तर किंमत घटते. टोपण बंद करताना बारीक टक् असा आवाज यावा. नळीवर पोचे आहेत का ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, डोळे मिटून फिरवून बघा.

कोरलेल्या नावाबद्दल लोक हटकून विचारतात. आजोबांचं नाव, निवृत्तीची तारीख, 'सप्रेम भेट' असं काही असेल तर बाजारात किंमत कमी होते, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याच्या आजोबांचं नाव खिशाला लावायचं नसतं. ते पुसून घ्यायचा मोह मात्र टाळा. नाव घासलेली जागा पातळ होते आणि जाळीही जाते, जाणकाराला ते तिथल्या तिथे कळतं.

दुर्मीळ म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. १९६५ साली पार्करने याच ७५ची एक आवृत्ती काढली. १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यातून वर काढलेली चांदी त्यासाठी वापरली. पेनं निघाली ४,८२१, आणि ताफ्याचा उल्लेख पेनावरच कोरलेला आहे. संख्या ठरलेली, चांदीला गोष्ट, आणि ती हवी असणारे लोक हजारांनी. या तिन्ही गोष्टी जुळल्या की भाव साध्या ७५च्या कितीतरी पट होतो. उलट, माझ्या एका परिचितांकडे त्यांच्या पणजोबांनी इबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनाला सोनाराकडून चांदीची खोळ करून घेतलेलं पेन आहे. जगात एकच! पण ते शोधत कोणीच फिरत नाही, त्यामुळे बाजारात त्याची किंमत जवळपास चांदीइतकीच. एकमेव असणं आणि महाग असणं यांचा संबंध लोक समजतात तितका जवळचा नाही.

जुन्या वॉटरमन पेनांचं वेगळंच. काळ्या इबोनाइटवर चांदीची कापलेली नक्षी, आणि क्रमांकात पहिला आकडा ४ असेल तर वरचं आवरण स्टर्लिंगचं, जसं ४५२. गेल्या शतकाच्या सुरुवातीची ही पेनं नीट अवस्थेत फार थोडी उरली आहेत. कोणाच्या घरात असलं काही निघालं तर गरम पाण्यात धुऊ नका, इबोनाइट तपकिरी पडतं. हल्ली सराफांकडे लग्नात द्यायला मिळतात ती चांदीची पेनं मात्र संग्राहकाच्या कामाची नाहीत. त्यांत चांदीचा भाव तेवढा परत मिळतो, मजुरी गेलीच समजा.

किंमत शोधायची तर लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकलेल्या वस्तू' हा पर्याय लावून बघा, मागितलेल्या किमती नकोत. तुमच्यासारखी चकती, तशीच निब, तशीच अवस्था असलेले दहा-बारा सौदे लिहून काढा, वरचा आणि खालचा सोडा. चांगल्या अवस्थेतलं साधं जाळीचं ७५ मी पाहतो ते बहुतेक १०० ते २५० डॉलरच्या दरम्यान जातं. पण तो परदेशातला भाव. तिथे विकायचं तर टपाल आणि दलाली वजा करा, इथे विकायचं तर घेणारे मोजकेच आहेत हे धरून चाला. मूळ डबी आणि कागद असतील तर नक्की जपा, त्यांचे वेगळे पैसे येतात. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पेनांतलं कळणारी दुकानं आहेत. विकायला नाही, फक्त दाखवायला म्हणून आधी जा, बोलणं जास्त मोकळं होतं.

चार फोटो टाकलेत तर मी आणखी नेमकं सांगू शकेन: टोपणाची कड, निब वरून, निबेमागचं कडं आणि बुडाची चकती. दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.

आणि ते रबरबँड आजच काढा. रबरात गंधक असतं, त्याने चांदीवर काळा पट्टा उमटतो, आणि तो काळा कारखान्यातला नव्हे.