मुंबई आंदण दिली की हुंड्यात?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, असं शिकलो. आंदण म्हणजे हुंडाच ना? मग 'भूखंड बिल्डरला आंदण दिला' असं का म्हणतात? तिथे लग्न कुठे असतं?"

आंदण आणि हुंडा एक नव्हेत. माझ्या आजीच्या न्हाणीघरात पितळेचं घंगाळ होतं, काठावर तिचं माहेरचं नाव कोरलेलं. "हे माझ्या आंदणातलं," म्हणायची आणि ते कुणाला हलवू देत नसे. मुलीबरोबर सासरी पाठवलेली भांडीकुंडी, पलंग, पूर्वी दुभती गायसुद्धा, हे आंदण. हुंडा म्हणजे बोलणी करून वरपक्षाने घेतलेला पैसा.

आता इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचं लग्न पाहा. १६६० साली गादी परत मिळाली, पण तिजोरीत खडखडाट. २३ जून १६६१ चा तह म्हणजे लग्नाची यादीच: ब्रागान्साच्या कॅथरीन या पोर्तुगीज राजकन्येबरोबर २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि मुंबई, बदल्यात पोर्तुगालला स्पेनविरुद्ध इंग्रजांची मदत. वधूच्या आईला एवढी रोकड जमेना, तेव्हा तिने साखर आणि इतर माल जहाजांवर चढवला. मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं. मुंबई लिहून दिली होती ती राजाला आणि त्याच्या वारसांना. कॅथरीनचा तिच्यावर काही हक्क नव्हता. १६६८ मध्ये चार्ल्सने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊनही टाकली. आजीचं घंगाळ आजोबांना असं परस्पर देता आलं नसतं! म्हणून व्यवहार पाहिला तर 'हुंड्यात दिली' हेच बरोबर, असं माझं ठाम मत आहे.

राहिला भूखंड. आंदण दिलेलं परत मागायचं नसतं. त्यावरूनच 'मोबदला न घेता कायमचं देऊन टाकणं' हा अर्थ आला. "घर काय तुला आंदण दिलंय?" यातही तोच. त्यात देणाऱ्यावर रागही असतो, आपलं नसलेलं उधळल्याचा.

या अर्थाने मात्र मुंबईला 'आंदण' शोभतो, निदान गोव्याहून पाहिलं तर. तिथला व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो ताबा द्यायला राजी नव्हता. इंग्रज शिपाई गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावर खोळंबले, त्यातले कितीतरी तिथेच मेले. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये व्हाइसरॉयने मुंबई बेट सोडलं, तेही लिस्बनच्या राजाला आपली हळहळ कळवूनच.