साडेदहाचा फोन

पत्र बरंच मोठं आहे, त्यातला गरजेपुरता भाग इथे देते.

«प्रिय मावशी,
मी ३४ वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते. आई मिरजेला एकटी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता ६६ वर्षांची आहे. बाबांना जाऊन अडीच वर्षं झाली. संध्याकाळी साडेसातला तिचा टीव्ही सुरू होतो तो साडेदहाला बंद होतो. टीव्ही बंद केला की ती मला फोन करायची आणि आज कुणाचं काय झालं ते सगळं सांगायची. ‘ठरलं तर मग’मधली सायली खरी तन्वी आहे, ती आश्रमात वाढली, खोटी तन्वी घरात येऊन बसलीय, हे मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. ‘लेक समोर आहे आणि आईला ओळखू येत नाही, काय म्हणायचं याला!’ हे तिचं ठरलेलं वाक्य. मी दमलेली असायचे, हं-हं करत लॅपटॉपवर काम करायचे.

ऑगस्टमध्ये एकदा भर दुपारी तिचा फोन आला. ‘पूर्णा आजी गेल्या गं’ म्हणाली आणि रडायलाच लागली. मी मीटिंगमध्ये होते. ‘आई, मालिकेतल्या बाईसाठी मला ऑफिसात फोन करतेस?’ असं म्हणून मी फोन ठेवला. नंतर गणपतीला घरी गेले. सगळे जमलेले, आरती झाल्या झाल्या तिने टीव्ही लावला. आत्या, वहिनी, सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तेच ते रडगाणं बघून बघून तुझी बुद्धी गंजलीय.’ तिने रिमोट ठेवला आणि आत जाऊन भांडी आवरायला लागली.

तेव्हापासून तिचा फोन येत नाही. मी केला तर जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवते. दोन मिनिटं. बाबा होते तेव्हा दोघं मिळून ‘आई कुठे काय करते’ बघायचे. बाबा मुद्दाम अनिरुद्धची बाजू घ्यायचे, आई चिडायची, जेवण होईपर्यंत वाद चालायचा. ते घर आता गप्प आहे हे मला कळतं. पण मावशी, मला त्या मालिका खरंच सहन होत नाहीत. मी ‘पंचायत’सारखी वेब सिरीज बघते, त्यातल्या प्रल्हादचासाठी ढसाढसा रडलेय, ते वेगळं. तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं कौतुक करू का?»

बाळा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. खोटं कौतुक अजिबात करू नकोस. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई आहे ती, कुणी मनापासून लिहिलंय आणि कुणी बघून उतरवलंय ते तिला पहिल्या ओळीत कळतं. आणि तिला कौतुक हवंय असं तुझ्या पत्रात मला कुठेही दिसलं नाही. कारण तुझ्या बाबांनी तरी त्या मालिकेचं कौतुक कधी केलं?

तूच लिहिलंस, ते अनिरुद्धची बाजू घ्यायचे. म्हणजे पंचवीस वर्षांचा संसार बाजूला सारून दुसरीकडे गुंतलेल्या माणसाची! त्याच्या बायकोची, अरुंधतीची बाजू घेणाऱ्या तुझ्या आईला ते ऐकून काय वाटत असेल. आणि तरीही ती रोज त्यांच्या शेजारीच बसायची. ती मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं चालली. म्हणजे ती संपायच्या आतच बाबा गेले, आणि उरलेली मालिका आईने एकटीने बघितली. अरुंधती पुढे जे काही करत गेली त्यावर ‘हे काही बरोबर नाही हं’ म्हणणारं कुणी घरात उरलं नव्हतं. तो साडेदहाचा फोन केव्हा सुरू झाला ते तू लिहिलं नाहीस. बाबा होते तेव्हाही ती तुला रोज इतकं सांगायची का? मला नाही वाटत. आठवून बघ.

बाबांची ती जागा तुझ्याकडे आली आणि तुला ते कळलं नाही. कळणार तरी कसं, कुणी सांगून थोडीच देतं! पण त्या जागेवर बसून हं-हं करायचं नसतं, वाद घालायचा असतो.

मी कॉलेजात होते तेव्हाचं सांगते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. १९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झालं. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात. खोली भरून लोक गॅलरीतही उभे राहायचे. भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि घरातलं वडीलधारं माणूस बोलावं तसं बोलायचे. खरी चर्चा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर व्हायची. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान प्यायचे. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे रात्री काय चालतं ते सगळ्यांना ऐकू यायचं. काकू त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. ‘हम लोग’मधला बसेसर रामही पिणारा, त्याची बायको भागवंती सोसणारी. तर एका सकाळी हंडा नळाखाली लावता लावता काकू म्हणाल्या, ‘त्या भागवंतीने एकदा दार उघडू नये रात्री. एकदाच. बघू दे काय होतं ते.’ हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. नळावर सगळ्या गप्प. मग माझी आई म्हणाली, ‘नाहीच उघडू. काय बिघडणार आहे?’ दुसरी म्हणाली, ‘पण शेजारी काय म्हणतील?’ त्यावर आई म्हणाली, ‘शेजारी काही म्हणणार नाहीत. शेजारी जागे असतात.’

बसेसर रामचं नाव घेऊन चाललेलं ते बोलणं मी बादली धरून ऐकत होते. त्या दिवशी कुणी ‘कसली मेली ती रडकी मालिका’ म्हणालं असतं, तर काकू हंडा उचलून निघून गेल्या असत्या आणि पुन्हा काही बोलल्या नसत्या.

म्हणून तुझ्या आईच्या त्या ठरलेल्या वाक्यापाशी मी थांबले. ‘लेक समोर आहे आणि आईला ओळखू येत नाही.’ तुला ते मालिकेच्या बाष्कळपणाचा पुरावा म्हणून आठवलं. ती मनात काहीतरी ठेवूनच ते बोलत होती असा माझा दावा नाही, कदाचित निव्वळ सायलीचीच काळजी असेल. पण लेकीला फोन लावून, लेक लॅपटॉपवर टकटक करत असताना, ती ते शंभर वेळा म्हणाली. एकदा तरी ‘तू असतीस तर ओळखलं असतंस का गं?’ असं विचारलं असतंस तर ती काय म्हणाली असती, याची मला मनापासून उत्सुकता आहे.

आता ऑगस्टमधल्या फोनबद्दल. इथे तुझी चूक झाली, आणि ती बहुधा तुला अजून कळलेलीच नाही. मालिकेतलं पात्र मेलं म्हणून तुझी आई रडत नव्हती. ‘ठरलं तर मग’मध्ये पूर्णा आजीचं काम करणाऱ्या ज्योती चांदेकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये खरोखरच गेल्या, पुण्यात, तुझ्याच गावात. अभिनेत्री तेजस्विनी पंडित तुला ठाऊक असेल, तिची आई. वयाने तुझ्या आईहून फार मोठ्या नव्हत्या. अडीच वर्षं रोज संध्याकाळी तुझ्या आईच्या घरात जे मोजके चेहरे येत होते, त्यातला एक अचानक यायचा थांबला. आधीच एक खुर्ची रिकामी झालेल्या घरात हे घडलं. तिने ते कुणाला सांगायचं? प्रल्हादचाचा सैन्यातला मुलगा शहीद झाला तेव्हा तू ढसाढसा रडलीस, आणि तो प्रल्हादचा तर लिहिलेलं पात्र आहे. तुझं रडणं खोटं होतं असं तुला कुणी म्हणालं नाही. ‘ते वेगळं’ असं तू लिहिलंस ना, तेवढं एक वाक्य मात्र मला खटकलं.

तुझं मत चुकीचं आहे असंही मी म्हणत नाही. मालिका ताणतात, हे खरंच आहे. आठवड्याचे सहा-सहा दिवस, कधी सातही, भाग द्यायचा. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांची गोष्ट रोज उभी करायची. त्यात दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कुठली मालिका किती लोकांनी बघितली त्याचे, आकडे येतात, त्यावरून कुठला ट्रॅक वाढवायचा आणि कुठला गुंडाळायचा ते ठरतं. आकडा चढला की कारस्थान आणखी चार आठवडे चालतं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चाललं, तीन हजारांहून जास्त भाग. बायकांना सोसायला लावून टाळ्या मिळवायची खोड तर जुनीच, मलाही तिचा संताप येतो. पण हे सगळं बघणाऱ्यांना दिसत नाही असं तू धरून चाललीस. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा सगळ्यात जास्त चेष्टा कुणी केली? ती मालिका रोज बघणाऱ्यांनीच. तुझ्या आईला विचारून बघ, सायलीचं खरं नाव कळायला एवढा वेळ का लावला म्हणून. तुझ्यापेक्षा धारदार टीका ऐकायला मिळेल, कारण तिने एकही भाग सोडलेला नाही.

‘ही मालिका ताणलीय’ हे मालिकेबद्दलचं मत झालं. त्यावर आई दोन तास भांडेल आणि नंतर शांत झोपेल. ‘बुद्धी गंजलीय’ हे आईबद्दलचं झालं. तेही नणंदेसमोर, सुनेसमोर. बुद्धीवरच जिने घर चालवलं, तिला.

तेव्हा माफी माग, पण त्या एका वाक्याची आणि त्या दुपारच्या फोनची. मालिका आवडत नाहीत याची मागायची गरज नाही. शक्य असेल तर मिरजेला जाऊन माग, पत्रिका दिल्यासारखी फोनवर उरकू नकोस. ‘आई, मी सगळ्यांसमोर तुला बोलले ते फार वाईट बोलले. पूर्णा आजी गेल्या तेव्हाही मी ऐकून घेतलं नाही.’ एवढंच. त्यापुढे ‘पण तू पण ना’ आलं तर सगळं मुसळ केरात. ती म्हणेल, ‘जाऊ दे गं, मी कधीच विसरले.’ विसरलेली नसेल, पण तिला तसं म्हणू दे. आणि जमलं तर आत्यालाही कळू दे की तू माफी मागितलीस, कारण अपमान तिच्या देखत झाला होता.

मग एक भाग बघ. तिच्यासोबत बसून, मोबाइल आत ठेवून. पुण्यात असशील तर जिओहॉटस्टारवर बघ. ‘आज काय झालं?’ असं मात्र विचारू नकोस, तो पाठांतराचा तास होईल. एखाद्याची बाजू घे. तुला खरोखर पटेल त्याचीच घे, मग तो खलनायक का असेना. सायलीचा नवरा अर्जुन वकील आहे ना, त्याचं कोर्टातलं एखादं बोलणं तुला हास्यास्पद वाटलं तर तसं सांग. सायली इतकी गप्प का बसते असा राग आला तर तोही सांग. ती उलट बोलेल, तू आणखी बोल. बाबा हेच करायचे.

आणि तुझंही काही तिला दे. ‘पंचायत’मधल्या त्या फुलेरा गावाबद्दल ऑफिसातल्या लोकांशी बोलत असशील, घरी का नको? त्यात काम करणारे रघुवीर यादव आणि नीना गुप्ता तिच्या पिढीला तुझ्याहून जास्त ओळखीचे. त्या दोघांबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं तुला न माहीत असलेलं काही निघेल. फक्त ‘हे बघ, चांगलं काय असतं ते’ अशा सुरात देऊ नकोस, तिची आवड सुधारायला तू निघालेली नाहीस. तिला ‘पंचायत’ संथ वाटली, ‘काही घडतच नाही यात’ म्हणाली, तर ऐकून घे आणि भांड. प्रल्हादचाचे भाग मात्र तिला एकटीला बघायला लावू नकोस. मुलगा गेल्यावर तो माणूस रिकाम्या घरी परतायचं टाळत राहतो. तेव्हा तू शेजारी अस.

एक तुझ्या बाजूनेही सांगते. रोज रात्री दमून आल्यावर अर्धा-पाऊण तास फोन होत नसेल तर तसं मोकळेपणाने सांग. ‘आई, मंगळवार आणि शुक्रवार तुझे, बाकीच्या दिवशी थोडक्यात’ असं ठरवलंत तर तिला आवडेल बघ, शाळेत वेळापत्रकावर वाढलेली बाई आहे. लॅपटॉप उघडा ठेवून दिलेल्या रोजच्या पाऊण तासापेक्षा तिला ते दोन दिवस जास्त पुरतील. ती दिवसभर एकटी असते हा प्रश्न मोठा आहे. त्याचा विचार भावाबरोबर बसून वेगळा करा, आणि त्यासाठी टीव्ही बंद करायला लावू नका.

मिरजेला जाणं लांबणार असेल तर आधी फोन तूच कर. साडेदहा वाजून पाच मिनिटांनी कर, शेवटची मालिका संपली की. त्याआधी केलास तर ती उचलेल, पण लक्ष टीव्हीत असेल, आणि या वेळी हं-हं तुला ऐकावं लागेल.

— मावशी