न्यूरोसायन्स आणि डेटा सायन्स यांची सांगड घालून करिअर करता येतं का?

तुम्ही पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. पायथन आणि मशीन लर्निंग जमतं, मेंदूविषयी ओढ आहे, पण बायॉलॉजी बारावीलाच सुटली. आता दोन्ही जोडता येईल का आणि आधी कुठला कोर्स करावा, असं तुम्ही विचारलंय.

नक्की जोडता येईल. मीही इंजिनिअरिंग करूनच इकडे आले आणि आता ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत सिग्नलच्या, नोंदींवर काम करते. पण कोर्सचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी मेंदूचा एकच सिग्नल निवडा आणि तो डोक्यावरच्या इलेक्ट्रोडपासून तुमच्या फाइलमधल्या आकड्यापर्यंत कसा पोहोचतो, ते मुळापासून समजून घ्या. मॉडेल चालवणारे आज ढिगाने मिळतात. समोरचा आकडा मेंदूचा आहे, स्नायूचा आहे की भिंतीतल्या वायरिंगचा, हे ओळखणारा माणूस मात्र प्रत्येक लॅबला हवा असतो.

सुरुवात ईईजीने करा, असं मी सांगेन. एमआरआयच्या मानाने तो खूप स्वस्त आहे, डेटा फुकट मिळतो आणि एम-थ्रीमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणितात, परीक्षेपुरतं केलेलं फुरियर (सिग्नल वेगवेगळ्या लयींत फोडायचं गणित) इथे रोज वापरावं लागतं. ओळखीतून एखाद्या न्यूरॉलॉजिस्टची आणि अर्थातच रुग्णाची परवानगी मिळाली, तर एक दिवस ईईजी टेक्निशियनच्या शेजारी बसा. रुग्णाला तेल न लावता, केस धुऊन यायला सांगितलेलं असतं, कारण तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही. टेपने डोकं मोजून खुणा करतात, पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवतात. मग ‘डोळे मिटा’ म्हटलं की डोक्याच्या मागच्या बाजूच्या चॅनेलमध्ये ८ ते १३ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या लाटांची, अल्फा लय उमटते. हान्स बर्गर यांनी १९२४ साली जर्मनीत माणसाचा पहिला ईईजी नोंदवला. ही लय त्यांनीच पहिल्यांदा दाखवली. पापणी लवली की पुढच्या चॅनेलमध्ये मोठी लाट येते, दात आवळले की सगळा आलेख खरबरीत होतो. मेंदूचा सिग्नल असतो जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा, त्यामुळे आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाटही त्यात सहज शिरतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की नंतर कुठलाही डेटासेट उघडताना नजर बदललेली असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. फिजिओनेट या वैद्यकीय सिग्नलच्या खुल्या संकेतस्थळावर सीएचबी-एमआयटी नावाचा ईईजीचा डेटासेट आहे. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या, औषधांनी फिट्स न थांबलेल्या रुग्णांच्या या नोंदी. दर सेकंदाला २५६ नमुने, फिट कधी सुरू झाली आणि कधी थांबली याच्या खुणांसकट. फिट ओळखणारं मॉडेल यावर बनवा. पण बनवताना तीन गोष्टी सोडू नका.

पहिली, या नोंदी अमेरिकेतल्या आहेत, म्हणजे विजेचा गोंगाट ६० हर्ट्झवर शोधायचा. भारतातल्या डेटासाठी लिहिलेला ५० चा फिल्टर तसाच उचलून लावलात तर उपयोग शून्य.

दुसरी सगळ्यात महत्त्वाची. एकाच रुग्णाच्या नोंदीचे तुकडे ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही गेले, तर मॉडेल फिट ओळखायला शिकण्याऐवजी तो रुग्णच ओळखायला शिकतं आणि निकाल मात्र झकास दिसतात. म्हणून विभागणी रुग्णानुसार करायची. त्यातही या डेटासेटमध्ये एक खाचखळगा आहे: केस क्रमांक १ आणि केस क्रमांक २१ ही एकच मुलगी आहे, दीड वर्षाच्या अंतराने नोंदवलेली. माहितीपानावर हे स्पष्ट लिहिलंय, पण ते पान वाचायला लोकांना वेळ नसतो. कृपा करून तुम्ही वाचा.

तिसरी, अचूकतेच्या टक्क्यांवर विसंबू नका. तासन्‌तास चाललेल्या नोंदीत फिट जेमतेम काही सेकंदांची किंवा एखाद-दोन मिनिटांची असते. ‘फिट नाही’ एवढंच सतत म्हणणारं मॉडेलसुद्धा इथे ९९ टक्क्यांच्या वर जाईल. किती फिट्स पकडल्या आणि दिवसाला किती खोटे अलार्म वाजले, हे सांगा. वॉर्डातल्या नर्सला रात्री त्याचाच सामना करायचा असतो.

सोबत ईईजीसारखा डेटा हाताळणारी एमएनई-पायथन ही लायब्ररी शिका, संख्याशास्त्र पक्कं करा. बायॉलॉजीची भीती नको, न्यूरॉन (मेंदूची पेशी) आणि सिनॅप्स (दोन पेशींमधला जोड) इथपासून सुरुवात करा, बाकीचं काम करता करता येतं. न्यूरोमॅच अकॅडमीचा संगणकीय न्यूरोसायन्सचा ऑनलाइन समर स्कूल २०२० पासून चालतो. त्याची फी तुमच्या देशानुसार कमी होते आणि सगळं साहित्य मोफत खुलं आहे.

पुढच्या शिक्षणासाठी बेंगळुरूची आयआयएससी आणि निम्हान्स, मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), गांधीनगर आयआयटीचा कॉग्निटिव्ह सायन्सचा एमएस्सी, हैदराबादच्या ट्रिपल आयटीची कॉग्निटिव्ह सायन्स लॅब पाहा. तुमच्या तर गावातच आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, तिथे न्यूरोसायन्सच्या लॅब आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची समर रिसर्च फेलोशिप मिळाली तर दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढता येतात. त्यातून हे आपल्याला खरंच आवडतं का, तेही कळतं.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण घरी हा विषय निघणारच. संशोधनात टिकायचं तर पीएचडी जवळपास अटळ आहे, आणि ती पाच-सहा वर्षं खाते. जेआरएफचं, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीला मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचं, मानधन जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. तेवढ्या काळात आयटीतले मित्र पगारात खूप पुढे गेलेले असतील. घरच्या जबाबदाऱ्या असतील तर आधी नोकरी करून मग येण्यातही काही गैर नाही. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या, औषध चाचण्यांचं आणि स्कॅनचं विश्लेषण करणाऱ्या कंपन्या इथे हे कौशल्य लागतं. फक्त अशा जागा सॉफ्टवेअरच्या मानाने थोड्या आहेत, हे धरूनच चाला.

आणि लॅबला मेल टाकताना ‘मला मेंदूविषयी प्रचंड कुतूहल आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातला एक आलेख खुल्या डेटावर स्वतः काढून पाहा, जिथे जुळला नाही ते दोन ओळींत लिहा आणि कोडची लिंक जोडा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा. तरीही नाही आलं, तर पुढच्या लॅबला लिहा.