पैसे नाहीत म्हणून पहिलं प्रेम गेलं, यातून बाहेर कसं पडू?

तू लिहिलंयस की वय २१, घरची परिस्थिती बेताची, कॉलेजातली मुलगी "आपलं काही होणार नाही" म्हणून बाजूला झाली आणि आता मित्र म्हणतायत ती पैशाला भुलली. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलोय.

पैशाने प्रेम तुटत नाही असं सांगणाऱ्यांच्या खिशात पैसे असतात. तुटतं. पण म्हणून मुलगी लालची ठरत नाही.

मी लातूरकडचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत होतो, ती त्याच अभ्यासिकेत. आमचं फिरणं म्हणजे पेरूगेटजवळ चहा आणि सारसबागेपर्यंत चालत जाणं. तिच्या वाढदिवसाला एफसी रोडला नेलं तर मी मेनूकार्ड उजवीकडून वाचतोय हे तिच्या लक्षात आलं, म्हणाली मला भूकच नाही, एक सँडविच दोघांत घेऊ. आणि हीच भूक नसलेली बाई रात्री मेसवर चार पोळ्या खाऊन उठली, हे तिच्या रूममेटने सांगितलं. माझे मेसचे पैसे अडकले तेव्हा तिनेच भरले, मी नंतर फेडले ती गोष्ट वेगळी.

मग २०२० उजाडलं. एप्रिलची पूर्व परीक्षा लॉकडाऊनमुळे गेली, ऑक्टोबरची धरून पुण्यात परत आलो तर तीही ऐनवेळी पुढे ढकलली, आणि तिकडे गावाकडे त्याच महिन्यात परतीच्या पावसाने काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. हमीभाव क्विंटलला ३८८० रुपये होता, पण डागी मालाला तो देतो कोण, आडत्याची उचल आधीच अंगावर, वडील फोनवर नुसतं "बघू" म्हणायचे. पुढची तारीख १४ मार्च २०२१, ती तीन दिवस आधी रद्द केली. त्या दिवशी शास्त्री रोडवर पोरं उतरली होती, मीपण होतो. रात्री तिचा फोन. घरी स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे, पाठीवर बहीण आहे. "तू कधी लागशील रे, एवढंच सांग, मी पप्पांना तेवढी मुदत मागते." परीक्षाच कधी होणार ते माहीत नाही तर मी काय तारीख सांगणार? २१ तारखेला पेपर झाला, तोवर तिकडे बोलणी होऊन गेली होती.

आमचा मामेभाऊ आजही चारचौघांत म्हणतो, खरं प्रेम असतं तर थांबली असती. अरे थांबायचं कुठं, कुणाच्या घरी, आणि सांगायचं काय? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुलगी मिळत नाही म्हणून लग्नाळू पोरं बाशिंग बांधून घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली तेव्हा सगळे हसले, मला हसू नाही आलं. मुलीचा बाप शेती पण मागतो आणि नोकरी पण, तो हिशोब बापाचा असतो आणि शिव्या मुलीला.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, महिना-दोन महिने त्रास होणारच, होऊ दे. तिचे स्टेटस बघणं बंद कर, आणि गिफ्टसाठी लोन ॲपवरून पैसे उचलले असशील तर आधी ते मिटव, घरी सांगावं लागलं तरी चालेल. पार्टटाईम काहीतरी धर, तिला दाखवायला नाही, चहाचे पैसे स्वतःचे असले की डोकं शांत राहतं. हां, तुझी केस वेगळीही असेल, काही मुली खरंच खर्च करून घेतात, काही मुलगेही घेतात. आणि झोप-जेवण पार उडालं असेल तर डॉक्टरला दाखव, त्यात लाजायचं नाही.

पण मित्रांना सांग, तिला नावं ठेवू नका. आमच्या मामेभावाला मी ते तोंडावर सांगू शकलो नाही, तो हे वाचणार हे माहितीये. दादा, तुझ्या सुपारीची बैठक बुलेटवरून अडली होती, काळीच पाहिजे म्हणून. वहिनीच्या वडिलांनी ती कशी घेतली हे अख्ख्या गावाला माहितीये.